यांच्या वतीने

दोन वर्षं यांच्या वाटची उत्तरं मीच देत आले. गिऱ्हाइकांना, सासूबाईंना, डॉक्टरांनाही. खोपोलीत यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. एक दिवस हे दुकानात गेलेच नाहीत आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गोळ्या झाल्या, बदलून झाल्या, फरक शून्य. शेवटी पनवेलच्या डॉक्टरांनी डोक्याला लावायचं चुंबकाचं यंत्र सुचवलं. चिरफाड नाही, भूल नाही. सहा आठवडे रोज अर्धा तास खुर्चीत बसायचं.

डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. "रमजान येतोय. रोजे नकोत, जागरण नको. उपाशी राहून, झोप मोडून या यंत्राने क्वचित फिट येऊ शकते. ते आधीच घाबरलेत, त्यांना सांगू नका. तुम्ही सांभाळा."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं.

तेराव्या दिवशी यंत्राकडे बघत हे आपणहून बोलले. "आसिया, यात पन तांब्याचीच वाइंडिंग असनार, बग." घरी येऊन मी पोटभर रडले.

चाँद दिसला तसं म्हणाले, "उद्या रोजा धरतो. डाक्टर काय बोलले काय?"

आजाऱ्याला रोजा माफ असतो, हे मलाही ठाऊक होतं. पण दोन वर्षांत या माणसाने पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. आज त्याला काहीतरी हवं होतं. आणि खरं सांगते, शेजारच्या फराहने यांना मशिदीत जाताना बघावं, असंही मला वाटलं.

"काय नाय बोलले," मी म्हटलं.

तीन दिवस पहाटे सहरीच्या जेवणाला मीच उठवलं. क्लिनिकमधली दर्शना यांना आत बसवून माझ्यापुढे रोजचा कागद धरायची. झोप झाली? नाश्ता झाला? मी दोन्हींवर बरोबरची खूण करायची.

चौथ्या दिवशी खुर्चीतच यांचे हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. शुद्धीवर आल्यावर यांना माझं नाव आठवेना. डॉक्टर ओरडले नाहीत. "आता हे यंत्र यांना लावता येणार नाही," एवढंच म्हणाले.

ईदच्या नमाजालाही हे उठले नाहीत. दुपारी पडल्या पडल्या म्हणाले, "माजा रोजाच कबूल नाय झाला."

ते मला ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं; डॉक्टरांचं बोलणं, कागदावरच्या खुणा, सगळं. शिव्या द्या, नेरळला माहेरी पाठवा, मुकाट्याने जाईन म्हटलं.

यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. स्वतःत राग शोधत असावेत, तो सापडला नाही.

"बरं," म्हणाले आणि भिंतीकडे कूस वळवली.