वाढलेली चाल

कृष्णात हवालदार फौजेतून पेन्शनीत आला त्याला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत त्याच्या घरात एकच भांडण पुन्हा पुन्हा होत होतं. चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणातल्या त्या दुपारीही तेच चाललं होतं.

“आवं, हंबीररावानं रेडिवो आणला म्हणून तुमी आणला. त्यानं वट्ट्याला फरशी घातली म्हणून तुमी घातली,” भाकरी थापता थापता त्याची बायको साळूबाई म्हणाली. पूर्वी ती चिडून बोलायची. आता आवाजही चढत नव्हता, थकली होती बिचारी. “त्येच्या ल्येकाचं लगीन तुळशीच्या लग्नानंतर सांगलीच्या बँडानं व्हणार. म्हणून आपल्या पोरीचंबी त्याच महिन्यात, त्याहून मोठं? आणि साताऱ्यासनं तिच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा कागद आलाय, त्येचं काय? सोमवारी हजर व्हायचं हाय.”

“पोरीच्या पगारावर बसून खानार काय, असं चारचौघांत इचारलं त्यानं मला. मी माघार घिऊ व्हय?”

अकरावी पास झालेली अंजना दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. गेले आठ दिवस तिनं या विषयावर एक शब्द काढला नव्हता. कृष्णातला तेच जास्त खुपत होतं. तो न जेवताच उठला.

आष्ट्याच्या एका तालमीत त्या दिवशी तीन पत्तीची स्पर्धा होती. पैशाचा संबंध नव्हता. प्रत्येकाला शंभर चिंचोके द्यायचे, ज्याचे संपले तो उठला, आणि शेवटी उरेल त्याला पितळी घागर. कृष्णातचा फौजेतला जोडीदार बिराप्पा खास त्यासाठी जतहून आला होता. नोकरी संपल्यावर तो पुन्हा मेंढरांमागं लागला होता. एकाच सतरंजीवर पाच गडी बसले. त्यात कृष्णात, बिराप्पा आणि समोर त्याच्याच गावचा बागायतदार हंबीरराव.

बिराप्पा पानं उचलायचा, बघायचा आणि बहुतेक वेळा खाली टाकून द्यायचा. लोक हसायचे. तो खुशाल तंबाखू मळत बसायचा.

तासाभरानं हंबीररावानं पानं बघितली आणि दोन चिंचोक्यांची चाल एकदम आठवर नेली. दोघांनी पानं टाकली. बिराप्पानं आपली तीन पानं पुन्हा एकदा निरखली आणि तीही टाकली. कृष्णातच्या हातात बदामचा राजा, किलवरची राणी आणि चौकटची पंजी होती. ना जोडी, ना रंग.

“काय हवालदार, सरला दम?” हंबीरराव हसला.

झालं! कृष्णातनं आठ टाकले. हंबीररावानं सोळा टाकले, यानंही सोळा. पानं आपली बेताची आहेत हे त्याला कळत होतं, पण हात थांबत नव्हता. चिंचोके सरले तेव्हा पानं उघडली. हंबीररावाकडं इस्पिकचा रंग होता. सगळ्यात आधी उठला तो कृष्णातच.

बिराप्पा तिसऱ्या नंबरापर्यंत टिकला. घागर त्यालाही मिळाली नाही, आणि हंबीररावालाही. दोघं मित्र उसाच्या कडेनं गावाकडं निघाले. वाटेत कृष्णातनं लग्नाचं, बँडाचं, साताऱ्याच्या कागदाचं सगळं सांगून टाकलं.

“तुज्या हातात काय हुतं रं, टाकलंस ते?” त्यानं विचारलं.

“अठ्ठीची जोडी.”

“आँ! माज्यापेक्षा मोठी! आणि टाकलीस?”

“टाकली. आरं, पयली चाल करायला जोडी लय झाली. पन दुसऱ्यानं चाल वाढवली, की त्येच्या हातात कायतरी हाय म्हणून वाढवली. त्येच्या मागं जायाचं तर त्येच्याहून चांगलं पायजे. एरवी बरी दिसणारी पानं तवा बरी नसत्यात, गड्या.”

“लोक भित्रा म्हणत्यात.”

“म्हणू देत. बहात्तर साली पावसानं वढ दिली, तवा मी निम्मी मेंढरं इकली. भावकी म्हणाली, बिराप्पा भ्याला. त्यांनी समदी राखली, आज पडंल, उद्या पडंल म्हणून. चाऱ्यावाचून डोळ्यांदेखत गेली, रं. माजी निम्मी तरी जगली. हंबीररावाची इस एकर बागायत हाय. त्येनं बँड आणावा. तुजं दोन एकर. तू कशावर आणतूस? चिंचोकं तुजं हुतं, गेलं तर गेलं. पन लग्नाच्या डावात तू अंजीला लावतूयास!”

कृष्णात जागीच थांबला. अरे, हे आपल्याला दिसलं कसं नाही! घरात खाली मान घालून तांदूळ निवडणारी पोर त्याच्या डोळ्यांपुढं आली. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी पहाटेच बापलेक एसटी थांब्यावर उभे राहिले. हंबीररावही तिथं होता.

“काय हवालदार, पोरीला नर्सिंगला धाडताय? लगीन झेपंना व्हय?”

चारसहा माणसं वळून बघू लागली. कृष्णातच्या कानशिलात नेहमीसारखी आग उठली. त्यानं अंजनाकडं बघितलं. ती ट्रंकेची कडी घट्ट धरून उभी होती, बाप आता काय बोलतो याची वाट बघत.

“व्हय, हंबीरराव,” तो शांतपणे म्हणाला. “तुमच्यावानी न्हाई झेपत. पोरगी शिकल, मग तिच्या मनानं आणि आमच्या ऐपतीनं करू.”

कुणी हसलं नाही. गाडी आली. कऱ्हाड मागं पडल्यावर अंजना हळूच म्हणाली, “आबा, मला वाटलं तुमी मागारी न्ह्याल.” त्यानं नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. तीन वर्षांचा शिणवटा अंगातून उतरावा तशी त्याला झोप लागली.

वाचकहो, दुसऱ्यानं मांडव वाढवला, आपण वाढवतो. त्यानं पंगत वाढवली, आपण वाढवतो. थांबलो तर लोक हसतील, एवढीच धास्ती. पण लोक दोन दिवस हसतात आणि आपल्या कामाला लागतात. आपल्या खोट्या इभ्रतीची किंमत मात्र घरातली मुकी माणसं जन्मभर मोजतात. वेळीच थांबणं ही हार नव्हे. त्यालाही छाती लागते, आणि ती हवालदाराला लढाईत नव्हे, एसटी थांब्यावर सापडली!