शेळीनं पास केलेली कडी

लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात शिवकन्या नावाची सून मण्यांच्या माळा करते. गेल्या वर्षी कळंबच्या प्रदर्शनात पाहुण्या बाईंच्या गळ्यात तिची माळ घातली. बाईंनी भाषणाला मान वर केली न केली तोच हूक उघडला, मणी व्यासपीठभर. ते वेचायला वाकलेले तीन पुढारी अजून सरळ झालेले नाहीत.

म्हणून यंदा बचत गटाच्या अध्यक्ष महादेवीबाईंनी बजावलं, "एक जरी माळ तुटली तर तुझं टेबल कायमचं बंद. आन् हूक सोनेरीच घे, फोटोत चमकतो."

शिवकन्यानं तीन तऱ्हेचे हूक आणि कड्या आणल्या. सोनेरी मुलाम्याच्या, तांब्याच्या आणि स्टेनलेस स्टीलच्या. दुकानदार म्हणाला, तिन्ही जन्मभर टिकतील. कुणाच्या जन्मभर, ते काही बोलला नाही.

तिची सासू गजराबाई. सगळी हयात शेळ्यांमागं गेलेली. ती म्हणाली, "दुकानदाराला काय इचारती? शेळीला इचार. दिष्ट लागू नये म्हणून माळ आमी शेळीलाच बांधतो की. बाई माळ घालून खुर्चीत बसती, शेळी माळ घालून बाभळीला मान घासती."

मग तीन शेळ्यांना तीन माळा. मी रोज बांधावर बसून बघत होतो, तेव्हा खोटं सांगायचा सवालच न्हाय.

सोनेरी हूक आठव्या दिवशी काळा पडला, दहाव्या दिवशी उघडला, आणि शेळीची मान खाजून लाल. तांब्याची कडी हिरवी पडली. तिच्यामुळं त्या शेळीच्या गळ्याचे केसही इतके हिरवे झाले की बाकीच्या शेळ्या चारा समजून तिलाच चघळू लागल्या. स्टीलवाली शेळी एका संध्याकाळी उशिरा आली, ती मागं बाभळ ओढत, मुळासकट. फांदीत कडी अडकलेली. शेळी हटेना, कडी उघडेना, शेवटी बाभळीनंच माघार घेतली. ती बाभळ तुम्हाला दाखवली असती, पण गजराबाईनं तिचं सरपण केलं.

प्रदर्शनाच्या साहेबांना मात्र कागद लागत होता.

"तपासणी कुणी केली?"

"शेळीनं, साहेब."

"मग तिची सही आणा."

दुसऱ्या दिवशी शिवकन्यानं चिखलात बुडवलेल्या खुराचा ठसा नेला. साहेबांनी चष्मा पुसून पाहिला. "शिक्का जरा पुसट आहे," म्हणाले, आणि मंजूर केलं.

प्रदर्शनाला पाहुण्या बाई त्याच. माळ हातात घेऊन त्यांनी भीतभीत विचारलं, "तुटणार नाही ना?"

"न्हाय ताई," शिवकन्या म्हणाली. "फक्त मंडपाच्या दोरीपासून जरा लांब उभ्या ऱ्हावा."

बाई हसल्या आणि दोरीला टेकूनच भाषणाला उभ्या राहिल्या. भाषण संपवून ऐटीत वळल्या, तर माळेची कडी दोरीत अडकली. कडी काही उघडली नाही. मंडप तेवढा खाली आला.

कापडाखालून पहिला आवाज महादेवीबाईंचा.

"शिवकन्ये, माझ्या माळेचा सोनेरी हूक उघडला गं. तुझ्या टेबलावर शेळीवाली एखादी उरलीय का?"