हिलोच्या घरातला ताणकाटा

मित्रांनो, मला नुसते हातात घेऊन उपयोग नसतो, मला टांगावे लागते. मी एक जुना ताणकाटा आहे. वर एक कडी, खाली एक आकडा, मध्ये पितळी पट्टी आणि पट्टीमागे स्प्रिंग, एवढाच माझा देह. आकड्याला ओझे अडकवले की स्प्रिंग ताणली जाते, काटा खाली सरकतो आणि मी वजन सांगतो. मला दुसरे काही येत नाही. पण ज्याला एकच गोष्ट येते, त्याला तिच्याबद्दल प्रश्न फार पडतात.

नागपूरच्या इतवारीतून मला ईश्वरने विकत घेतले. तो पहिल्यांदाच अमेरिकेला निघाला होता. विमानतळावर बॅग उघडायला लावतील या धास्तीने त्याने लोणच्याची बरणी माझ्यावर पंधरा वेळा तोलली. पुढे तो नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात स्थिरावला आणि त्याने आईला, म्हणजे रत्नाबाईंना, तिकडे नेले. धाकटा भाऊ राकेश आणि त्याची बायको भावना हेही कॅरीतच आले. सहा वर्षांनी भावनाला हवाई बेटांवरच्या हिलो गावात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. राकेशचे काम घरूनच चालायचे. निघताना ईश्वरने मला त्यांच्या सामानात टाकले.

"तिथे सगळं महाग असतं म्हणे," तो म्हणाला. "दर समरला रिकाम्या बॅगा आणा, भरून न्या."

तसेच सुरू झाले. जुलैत आम्ही कॅरीला जायचो. ईश्वर डाळीची मोठी पोती आणून ठेवायचा, ती माझ्यावर तोलून दोन घरांत वाटायचा आणि दरवर्षी तोच टोमणा मारायचा, "या, स्वर्गातले लोक आले रेशन न्यायला!" भावना हसायची आणि काट्याकडे बारीक नजरेने बघत डाळ भरायची. बॅग विमानतळावर एकदाही परत उघडावी लागली नाही. तेव्हा घरात माझे कौतुक होते.

राकेश आणि भावनाची मुलगी केया नऊ वर्षांची. तिने एकदा बॅग भरता भरता माझ्याच मनातला प्रश्न विचारला.

"आई, डाळ सेम आहे ना? वेट पण सेम. मग हिलोमध्ये सो एक्स्पेन्सिव्ह का?"

"कारण तिथे ती जहाजातून येते," भावना म्हणाली. "तांदूळ, तेल, पेट्रोल, सगळंच. आपण डाळीचे पैसे देतो आणि समुद्राचेही देतो. आणि खरं सांगू? वेट पण अगदी सेम नाही. हिलो विषुववृत्ताच्या जवळ आहे. तिथे पृथ्वी वस्तूंना किंचित कमी ओढते. अख्ख्या बॅगेमागे पंचवीस-तीस ग्रॅमचा फरक पडेल. पण आपल्या काट्यावर तो डोळ्यांना दिसायचा नाही."

"म्हणजे तिथे डाळ हलकी आणि महाग?"

"हो गं बाई."

मला हे ऐकून फार नवल वाटले. इतकी वर्षे पृथ्वीची ओढ मोजत होतो, पण ती जागोजागी वेगळी असते हे मला कुणी सांगितले नव्हते.

मग एका वर्षी माझ्यावर ठपका आला. ऑगस्टमध्ये आम्ही वीस किलो डाळ आणली होती आणि ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरायला हवी होती. नोव्हेंबर लागला तेव्हा डब्यांत सहाच किलो उरली. नेमक्या त्याच आठवड्यात राकेशच्या कंपनीची मेल आली. जानेवारीपासून प्रत्येकाने कॅरीच्या ऑफिसात बसायचे, नाहीतर नोकरी संपली असे समजायचे.

"आपण परत जाऊ या, भावना," राकेश म्हणाला. "विजेचं बिल बघ, दुधाचा भाव बघ. तिकडे आई म्हातारी होत चाललीय. आणि चौदा किलो डाळ तीन महिन्यांत? तिघांनी खाल्ली? शक्य नाही यार. हा काटाच लबाड आहे. स्प्रिंग सैल पडली असणार. तिथे वीस दाखवले, भरले असतील चौदा-पंधरा. एअरपोर्टवर जास्त भरलं तरच बोलतात, कमी भरलं तर कोण सांगतं?"

त्याने मला ड्रॉवरमध्ये टाकले. तिथे रबरबँड होते, संपलेल्या बॅटऱ्या होत्या आणि कशाच्या तरी हरवलेल्या किल्ल्या होत्या. मित्रांनो, उपयोग संपणे मी समजू शकतो. खोटे ठरणे मात्र फार वाईट असते. त्या अंधारात मी स्वतःलाच विचारत होतो, खरेच माझी स्प्रिंग सैल झाली असेल का? हे काही स्वतःला स्वतःचे कळत नाही.

केयाला हिलो सोडायचे नव्हते. रडून काही होणार नाही हे तिला कळत होते. तिने मला बाहेर काढले आणि आईला विचारले, "हा लायिंग आहे की नाही, हाऊ डू वी नो?"

"ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, असं काहीतरी त्याला विचार," भावना म्हणाली.

एक लिटर पाणी एक किलो भरते, हे केया शाळेत शिकली होती. मग आईने प्रयोगशाळेतून आणलेल्या मापाने तिने बादलीत बरोबर पाच लिटर पाणी ओतले. त्याआधी रिकामी बादली तोलली, नंतर भरलेली. माझा काटा सरकला आणि स्थिर झाला. तिने वजाबाकी केली आणि ओरडली, "आई! एक्झॅक्टली फाइव्ह! ही इज नॉट लायिंग!"

"मग डाळ गेली कुठे?" भावना हळूच म्हणाली. आता तिच्याही डोळ्यांत तोच प्रश्न होता. "आम्ही लॅबमध्ये तळ्याच्या पाण्याचा हिशोब करतो तसं करू. आत काय येतं, बाहेर काय जातं, शिल्लक काय राहतं. सगळं तोलायचं, काही सोडायचं नाही."

चार आठवडे मी गाडी लावायच्या छपराखाली टांगलेला होतो. आमच्या शेजारी आंटी मोमी राहतात. इथली मुले सगळ्याच मोठ्या बायकांना आंटी म्हणतात, जसे आपण मावशी म्हणतो. त्यांच्या घरून पपया यायच्या, दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली असायची. पलीकडच्या घरातून अव्होकाडो यायचे, कोपऱ्यावरच्या घरातून नीरफणस आणि संत्री. कधी आइस्क्रीमच्या डब्यात साफ केलेले मासे. आणि भावनाला सासूबाईंची शिकवण होती की कुणाचे भांडे रिकामे परत करायचे नाही. म्हणून पपईच्या टोपलीतून डाळवडे जायचे, माशांच्या डब्यातून गोळाभात जायचा, फणसाच्या पातेल्यातून वरणफळे जायची. भांडे गेले की पुन्हा भरून यायचे आणि पुन्हा भरून जायचे. आंटी मोमी तर छपराखालूनच हाक मारायच्या, "भावना! माझा डबा धुऊ नकोस हां, वडे घालून दे!"

केयाने भिजत घालायच्या आधीची डाळ तोलली, दाराशी आलेली पिशवी तोलली. महिन्याच्या शेवटी तिने कागद वाचून दाखवला. डाळ घरात खाल्ली दीड किलो, बाहेर गेली तीन किलो. फळे, भाजी आणि मासे घरात आले अडतीस किलो.

राकेशने कागद हातात घेऊन बेरीज पुन्हा करून पाहिली.

"सॉरी," तो माझ्याकडे बघत म्हणाला. मग भावनाकडे वळला. "पण फणसाने रेंट देता येत नाही."

"माहीत आहे मला," भावना म्हणाली. "हे गणित भाड्याचं नाहीच. पण तू एक सांग. कॅरीत आपण सहा वर्षं होतो. समोरच्या घरातल्या माणसाचं नाव काय होतं?"

राकेशला ते आठवले नाही. तिलाही आठवत नव्हते.

तरी निर्णय झाला नाही, आणि कसा व्हावा? एका बाजूला पगार होता आणि आई होती. दुसऱ्या दिवशी राकेशने कॅरीसाठी एक बॅग भरून पाहिली आणि माझ्या आकड्याला अडकवली. मी एकवीस किलो सांगितले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि बॅग तशीच राहिली. ती दोन दिवस लटकत होती. येता-जाता तो तिच्याकडे बघायचा आणि पुढे जायचा. माझी स्प्रिंग आतून ठणकत होती.

तिसऱ्या दिवशी त्याने छपराखालीच उभे राहून रत्नाबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

"जय भीम, आई. एक विचारायचं होतं. आम्ही इथेच राहिलो तर? पगार बराच कमी होईल. इथल्या कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायचं काम मिळतंय. मग समरला येणं जमणार नाही. यंदा नाही, कदाचित पुढच्या वर्षीही नाही."

रत्नाबाईंनी फोन डोळ्यांजवळ आणला. मग म्हणाल्या, "तिथं जाताना मले विचारून गेला होता का रे? मग राहाले कायले विचारतं?"

"तसं नाही आई..."

"माह्याजवळ ईश्वर आहे. डोळे आहेत, फोन आहे. पोट्टीले विचारलं का?"

"तिला राहायचंय."

"मंग तोंड पाडून उभा कायले आहे? सामान खाली ठेव ते. मागं लटकून ऱ्हायलं, मले इथून दिसते." आणि पदराने डोळे टिपून त्यांनी स्वतःच फोन बंद केला.

राकेशने बॅग माझ्यावरून उतरवली. ती घरात नेऊन त्याने एकेक कपडा पुन्हा कपाटात ठेवला. केया त्याला मदत करत होती आणि बडबडत होती. भावना मात्र बाहेर आली, माझी स्प्रिंग नीट मागे गेली का हे तिने पाहिले. काटा शून्यावर आला होता.

यंदा जुलैत आम्ही कुठेच गेलो नाही. एक गाडी विकली, डाळ इथल्याच दुकानातून महागाची येते आणि डाळवडे थोडे लहान झाले आहेत. माझे मुख्य काम गेले. कॅरीची मला आठवण येते. ईश्वर आता कुणाला टोमणे मारत असेल, असा प्रश्न पडतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा जुना काटा असेल तर त्याच्यावर शंका घेण्याआधी त्याला एकदा पाणी तोलायला द्या. आणि आणखी एक विनंती आहे. काय तोलायचे ते तोला, कितीही जड असो, मला त्याची भीती नाही. पण तोलून झाले की ओझे उतरवा. दिवसेंदिवस ते लटकत राहिले तर चांगली स्प्रिंगसुद्धा ताणली जाऊन सैल पडते आणि मग हलकी पपईही तिला जड वाटू लागते.