अंगाऱ्याचा एक दिवस

उपेंद्रस्वामी स्ट्रेचरवर आडवे झाले तरी जयजयकार काही थांबेना. नजरबादमधल्या त्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चाळीसेक भक्त दाटीवाटीने उभे होते. स्वामींच्या अंगाऱ्याने ऑपरेशननंतरचं दुखणं पळतं, अशी त्यांची ख्याती! आज स्वामींचाच गुडघा बदलायचा होता आणि भूल देणार होती डॉक्टर नमिता.

नमिता वर्षभर या माणसाची वाट पाहत होती. ती हुबळीला नोकरीत असताना तिच्या वडिलांचं, अण्णांचं, इथेच पोटाचं ऑपरेशन झालं. त्याच संध्याकाळी स्वामींनी अंगारा लावला, काहीच दुखेना. दुसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या, तेव्हा स्वामी फिरकले नाहीत, नुसता निरोप आला, ‘श्रद्धा कमी पडली, औषध घेऊ नका.’ दुखतं म्हणून अण्णा खोकलेच नाहीत. छातीत कफ साठला, न्यूमोनिया झाला आणि ते गेले.

स्वामींना नातेवाईक नव्हते. संमतिपत्रावर साक्षीची सही करायला भक्तांमधल्या सरस्वतीबाई पुढे आल्या. मागच्याच महिन्यात त्यांचंही ऑपरेशन झालं होतं.

“मोठ्याने वाचू का, स्वामी?” नमिताने विचारलं.

“वाचा की! भक्तांपासून काय लपवायचं?” स्वामी ऐटीत म्हणाले.

तिथेच फसले. नमिता सावकाश वाचू लागली. “कमरेतून, मणक्यात मॉर्फिनचं इंजेक्शन. त्याने साधारण एक दिवस दुखणं जाणवत नाही. नाकाला, अंगाला खाज सुटू शकते. असर उतरला की दुसरी औषधं.”

“अय्यो!” सरस्वतीबाईंनी पेन खाली ठेवलं. “मलाबी कमरेत सुई दिली होती की! नाक खाजलं, तर तुम्ही म्हणालात, पाप निघतंय!”

“सुम्निर, सरस्वती! गप्प बैस!” स्वामी दबक्या आवाजात खेकसले.

“मग काय लिहू?” नमिता म्हणाली. “इंजेक्शन, की नुसता अंगारा? तुम्ही म्हणाल तेच लिहीन.”

भक्त स्ट्रेचरजवळ सरकले. स्वामींना दरदरून घाम फुटला.

“इंजेक्शनच लिहा,” ते कसेबसे म्हणाले.

खोटं कशाला बोला, नमिताला ते ऐकून फार गोड वाटलं. इंजेक्शन मात्र ती पूर्ण मापाने देणार होती. दुखणं लबाडाचंही खरंच असतं.

ती भक्तांकडे वळली. “ऐका. औषध उतरतं म्हणून दुखतं, तुमची श्रद्धा उतरते म्हणून नाही. दुखलं की बेल दाबा, नर्सला बोलवा, औषध मागा. माझ्या अण्णांच्या उशाशी बेल होती. या माणसाच्या शब्दाखातर त्यांनी ती दाबली नाही.”