अकरा रात्री

"माझ्या अकरा रात्री कुठे गेल्या, केदार?"

केदारने मान वर केली नाही. "काढल्या, ताई. ऑब्झर्व्हेशन एरर. मॉडेलमध्ये बसत नव्हत्या."

स्क्रीनवर आलेख होता. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे. एक दुसऱ्याच्या आड गेला, म्हणजे ग्रहण लागलं, की प्रकाश उतरतो, बाहेर आला की चढतो. या चढउतारावरून ताऱ्यांचं वजन-माप काढायचं, ही केदारची पीएचडी. आणि तो प्रकाश रात्ररात्र जागून मोजायचा, ही दीपमाला मेश्राम यांची नोकरी. कर्वेनगरातल्या कॉलेजच्या गच्चीवर, एकोणीस वर्षं. हुद्दा प्रयोगशाळा सहायक.

"तुमच्या नोंदींत ग्रहण बारा मिनिटं आधीच लागलंय. घड्याळ मागे असणार तुमचं. एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात! ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भंडाऱ्याहून पुण्यात आल्यापासून त्यांनी बरंच ऐकून घेतलं होतं. पण घड्याळाबद्दल? दुर्बिणीचा घुमट उघडण्याआधी सरकारी वेळेशी घड्याळ मिळवायचं, रजिस्टरात तसं लिहायचं, खाली सही करायची. हा नेम त्यांनी नवऱ्याच्या आजारपणातही मोडला नव्हता. घुमटाचं दार कुठून उघडतं हेसुद्धा या पोराला त्यांनीच दाखवलेलं!

त्यांनी कपाटातलं रजिस्टर आणून त्याच्या कीबोर्डवर आदळलं. "वाच. अकराही दिवशी लिहिलंय, 'घड्याळ मिळवले. दी. मे.' आता सांग, चूक कुणाची?"

"अहो, पण मॉडेल..."

"मग मॉडेल बदल. तुझ्या पेपरसाठी तारे आपलं वेळापत्रक बदलणार नाहीत."

आठवड्याने केदार धावतच आला. "ताई, बसलं! तिथे तिसरा तारा आहे. त्याच्या ओढीने ही जोडी कधी आपल्याकडे सरकते, कधी लांब जाते. जवळ आली की ग्रहण लवकर दिसतं. तुमच्या अकरा रात्री नसत्या तर कळलंच नसतं!"

"दिसतो का तो?"

"छे, फार अंधूक. पण त्याच्याशिवाय काहीच जुळत नाही."

ताईंना आनंद झाला, खोटं कशाला बोला. चहा त्यांनीच मागवला.

पुढे पेपर छापून विभागाच्या फलकावर लागला. वर तीन नावं होती: केदारचं, त्याच्या सरांचं आणि गच्चीचा जिनाही कधी न चढलेल्या प्राचार्यांचं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, 'निरीक्षणांसाठी विभागातील कर्मचाऱ्यांचे आभार.'

"सरांनी ठरवलं, ताई," केदार पुटपुटला. "असिस्टंटचं नाव घालायची पद्धत नाहीये."

"असं होय? चूक होती तेव्हा ती बरोबर माझी होती. शोध लागला तो मात्र कर्मचाऱ्यांचा!"

ताई गच्चीवर गेल्या. सहा वाजले होते. त्यांनी सेकंदासकट घड्याळ मिळवलं आणि रजिस्टर उघडलं. सहीचा रकाना जेमतेम दोन अक्षरांचा. पण आज पेन तिथे थांबलं नाही. शेजारचा 'शेरा'चा रकानाही भरून टाकत त्यांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण लिहिलं: दीपमाला हिंमतराव मेश्राम.

शाई वाळू दिली, आणि मग घुमट उघडला.