केशवरावांची भवानी

गारखेड्याच्या त्या गल्लीत कुणी दुकान काढायचं म्हटलं की पूजेचे गुरुजी नंतर ठरत, केशवराव आधी. दुकानातली पहिली विक्री, म्हणजे भवानी, त्यांच्या हातून झाली की धंदा चालतो, अशी गल्लीची ठाम समजूत. पंचवीस वर्षांपूर्वी संध्याबाईंनी एका शिलाई मशीनवर दुकान मांडलं, केशवरावांनी पहिला सदरा शिवायला टाकला आणि आज त्या दुकानाचे दोन मजले झालेत. तो सदरा काखेत काचायचा, पण तेवढं कुणाला आठवत नाही. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला असा मान फुकट मिळत असेल तर तो कशाला सोडेल? केशवराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून दहा मिनिटं आधीच हजर होत.

अडचण होती ती कोपऱ्यावरच्या गाळ्याची. तिथं आधी एसटीडी बूथ होता, मग सीड्यांचं दुकान आलं, मग सायबर कॅफे, मग मोबाइल दुरुस्ती. घरात सीडी लावायला यंत्र नसताना केशवरावांनी अभंगांची सीडी घेतली. सायबर कॅफेत काय करायचं ते सुचेना, म्हणून स्वतःच्याच नावाची एक प्रिंट काढली. एकामागून एक सगळे गेले. शेवटी शिवम नावाच्या पोरानं मोमोज सुरू केले. मोदक व्हायचं राहून गेलेलं ते प्रकरण केशवरावांनी भवानीला खाल्लं, वर "छान आहे" म्हणाले. तेही दीड वर्षात आटोपलं.

टेम्पोत फ्रीज चढवताना शिवम हसत म्हणाला होता, "काका, राग नका मानू, पण ह्या गाळ्यात तुम्ही ज्याची ज्याची भवानी केली, तो गेलाच पाहा!"

पोरगं गमतीत बोललं आणि निघून गेलं. केशवरावांच्या मनात मात्र ते घर करून बसलं. आणि आता तोच गाळा प्रेरणानं घेतला होता.

प्रेरणा त्यांच्याच वरच्या खोलीत चार वर्षं भाड्यानं राहणारी, गंगापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. चितेगावच्या कंपनीत पाळ्या करून तिनं पैसे साठवले आणि नोकरी सोडून सगळे ह्या गाळ्यात घातले. 'गंगापूरचे धपाटे', सोबत दही आणि ठेचा. भवानी काकांनीच करायची, हे तिनं पाटी रंगवायच्या आधीच जाहीर केलं होतं. केशवरावांचा तिच्यावर पोटच्या पोरीसारखा जीव. तिच्या धंद्याला आपला हात लागू द्यायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सातलाच ते मिक्सरचं भांडं पिशवीत घालून निघाले. "शहागंजात दुरुस्तीला टाकून येतो," असं बायकोला, उमाकाकूंना सांगितलं आणि फोन बंद करून खिशात ठेवला.

पण पाय कसले निघतायत! गाळ्यासमोरच्या रसवंतीच्या आडोशाला ते उभे राहिले. पूजा आटोपली. तव्यावरून धूर निघाला, खमंग वास रस्ता ओलांडून आला. प्रेरणा दारात येऊन दोन्ही बाजूंना पाहत होती. केशवरावांना गलबलून आलं. दुसऱ्या कुणाच्या तरी हातून भवानी झाली की सुटलो, असं त्यांना वाटलं.

स्टँडवर फकिरा रिक्षात बसून जांभया देत होता. केशवरावांनी त्याला शंभराची नोट दिली. "जा, धपाटे खाऊन ये. माझं नाव काढू नकोस."

फकिरा गेला, तो बाहेरच येईना. खात बसला असेल, केशवराव खूश झाले. तरी एका गिऱ्हाइकानं काय होतं? त्यांनी पाण्याच्या टँकरवाल्याला थांबवलं आणि पाठवलं. मग पेपरवाल्याला. मग क्लासला निघालेल्या चार मुलींना "नवीन दुकान आहे, फार छान मिळतं" अशी थाप मारली. जो आत जाई तो आतच राही. टेबलं भरलेली दिसल्यावर येणारे-जाणारेही थबकू लागले. इतकी गर्दी म्हणजे काहीतरी असणारच, म्हणत लोक दाराशी उभे राहिले आणि साडेनऊपर्यंत रांग पानाच्या टपरीपर्यंत पोचली. ज्या गाळ्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिथं रांग! केशवरावांना आनंदानं रसाचा दुसरा ग्लास मागवावासा वाटला.

"शहागंज इथंच आलं वाटतं उचलून?"

मागं उमाकाकू उभ्या होत्या. नव्या साडीत, कमरेवर हात. "ती पोरगी तासाभरापासून रडायच्या बेतात आहे. चला आधी."

"अगं, पण भवानी झाली. माणसं बघ की किती!"

"कपाळ झाली! चला म्हणते ना!"

केशवराव आत शिरले आणि पाहतात तर काय, एकाही टेबलावर प्लेट नाही. सगळ्यांसमोर फुकटच्या चहाचे कप तेवढे.

"आले बाबा एकदाचे!" फकिरा ओरडला. "ओ काका, ही ताई कुणालाच खायला देऊ नाय राहिली. म्हणती, पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं हाये. भुकेनं जीव चालला आमचा!" आणि त्यानं ती शंभराची नोट सगळ्यांसमोर त्यांच्या हातात परत कोंबली.

म्हणजे ही रांग त्यांच्याच वाटेकडे डोळे लावून होती. केशवराव कानापर्यंत लाल झाले.

"कुठं हुते काका? सगळे तुमचीच वाट पाहू राहिले," प्रेरणा म्हणाली.

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "पोरी, माझा हात चांगला नाही," ते हळूच म्हणाले. "ह्या गाळ्यात पाच जणांची भवानी केली मी. पाचही गेले. हवं तर शिवमला विचार."

"त्यालाच विचारलं की. गाळा घ्यायच्या आधी." प्रेरणानं पदरानं तोंडावरचा घाम पुसला. "तो म्हणला, शेवटच्या दोन महिन्यांत दुकानाकडं कुणी फिरकत नव्हतं. पण काका रोज यायचे. त्यांना मोमोज आवडत नाय, ते तोंडावर दिसायचं, तरी एक प्लेट खाऊन जायचे. त्याच्या आधीच्या मोबाइलवाल्यानं बी हेच सांगितलं. फोन बिघडलेला नसताना दाखवायला न्यायचे म्हणं."

उमाकाकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. हे त्यांनाही नवीनच होतं.

"हात चांगला का वाईट, मला काय करायचंय त्याच्याशी?" प्रेरणा म्हणाली. "बंद पडलं तर पडलं. मग शेवटची प्लेट बी तुम्हीच खायची. पण पहिली तुमच्याशिवाय कुणाला द्यायची नाय."

केशवरावांनी मिक्सरच्या भांड्याची पिशवी खाली ठेवली. त्यांनी तीच नोट तिच्या हातावर ठेवली. तिनं ती कपाळाला लावली, गल्ल्यात टाकली आणि तव्यावरचा धपाटा त्यांच्या प्लेटीत वाढला. अख्खं दुकान त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. पहिल्या घासाला ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, हे एक बरं झालं. बाकीचं पाणी त्यातच खपून गेलं.

"चहा पुरे झाला, आता वाढ सगळ्यांना," ते म्हणाले. मग दुसरा घास मोडता मोडता हात थांबला. "आणि हे बघ, त्या शेवटच्या प्लेटीचं माझ्या भरवशावर राहू नकोस. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. तोपर्यंत मी कुठला असायला?"

प्रेरणाला ते कळायला एक क्षण लागला. मग तिनं तव्याशी उभ्याउभ्याच वाकून त्यांचे पाय धरले, आणि पिठाची दहाही बोटं केशवरावांच्या काळ्या बुटांवर उमटली.