पिण्याच्या पाण्याला तिचा हात

सकाळपासून घरात लगबग होती. पाणी तपासणाऱ्या कचेरीतल्या बाई येणार होत्या. पुढच्या खोलीत निळं पिंप घासूनपुसून मांडलं होतं. त्यात खाली खडी, मग वाळू, आणि वर मक्याच्या रिकाम्या कणसांचा कोळसा. कापड रंगवणाऱ्या कारखान्याने विहिरीचं पाणी पिवळं केलं, घरच्या थोरल्या मुलाच्या लेकीने पोटदुखीने अंथरूण धरलं, तेव्हा हे पिंप घरात आलं. बाईंना पटलं तर वस्तीत घरोघर अशी पिंपं बसणार होती.

सगळे म्हणत, थोरल्याचं डोकं भारी. थोरलाही नाही म्हणत नसे.

डोकं धाकट्या सुनेचं होतं. तिचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. नवरा गेलेल्या बाईचा हात पिण्याच्या पाण्याला लागू नये, हा सासूबाईंचा नेम. म्हणून परसात झाकणबंद डब्यात कणसं जाळायची, कुटायची, काळं पाणी निवळेपर्यंत धुवायची तिने; पिंपात भरायची मोठ्या जावेने. सासूबाई दुष्ट नव्हत्या. तिला ताप आला की उशाशी बसून राहत. पाणी मात्र तिच्या ओंजळीत वरून ओतत.

आज कोळसा बदलायचा होता. धाकटीने जावेला बजावलं होतं, दारामागचंच पोतं घ्या. पण पाहुणीसमोर नको म्हणून तिला मागच्या खोलीत बसवलेलं, आणि घाईत जावेने हाताला लागलं ते पोतं पिंपात रिकामं केलं. त्यात अर्धवट जळालेली, न धुतलेली कणसं होती. ती पाण्यातला रंग शोषत नाहीत, उलट स्वतःचा चिकटा सोडतात.

बाई आल्या. थोरला बोलत सुटला. आत धाकटीला आधी वास आला, ओल्या धुराचा. मग थोरल्याचा आवाज आला, "आमची मुलगीच पिऊन दाखवेल. ये गं."

धाकटीचे पाय दाराशी थांबले, चार वर्षं थांबत होते तसेच. पेला मुलीच्या ओठांशी गेला. धाकटीने धावत येऊन तो काढून घेतला. अर्धं पाणी जमिनीवर सांडलं.

"आत जा," सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "चारचौघांत शोभा नको."

"जाते. आधी हे हुंगून बघा."

बाईंनी पेला नाकाशी नेला. कोळसा पुरता जळलाय हे कसं ओळखता, असं त्यांनी थोरल्याला विचारलं. थोरल्याने पिंपाकडे पाहिलं, मग छताकडे.

"छतावर लिहिलेलं नाही ते," त्याची बायको म्हणाली. "तिला विचारा."

धाकटीने सांगितलं: मोडताना खणकन वाजतो, आत तपकिरी राहत नाही, बोटांना चिकटत नाही. थोरला सावरून म्हणाला, तू आतून सांग, ही भरेल.

"नाही, भावजी. आतून सांगणं आजपासून बंद. भरेन तर मी भरेन. नाहीतर कोळसाही करणार नाही."

"मग मी काय प्यायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या हातचं."

सगळ्यांसमोर तिने पिंप उपसलं, दारामागच्या पोत्यातल्या कोळशाने भरलं. पहिल्या तीन बादल्या ओतून दिल्या. चौथी नितळ आली. बाईंनी बाटलीत नमुना घेतला आणि विचारलं, करणाऱ्याचं नाव? थोरल्याने तोंड उघडलं, तोवर धाकटीने आपलं नाव सांगितलं. चार वर्षांत त्या घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं. मुलीने आईला हळूच विचारलं, हे कुणाचं नाव गं?

जावेने धाकटीच्या हातून पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

दुसरा पेला सासूबाईंपुढे आला. त्यांचा हात अर्धा उठला आणि तिथेच राहिला. त्या हाताला पुढे यायला इतकं जड का जावं, हे एकट्या सासूबाईंना विचारून भागणार नाही. तो हात आपल्याही घरात आहे.